देवरावजींचा हिरवा बर्फ

माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाकडच्या एका मामांनी मला जेवणाच्या रांगेतच गाठलं. "ताई, तुम्ही बर्फाच्या कंपनीत आहे म्हणे. उद्याच्या रिसेप्शनले चार लाद्या भेटन काय सस्त्यात?" मी म्हटलं, "भेटतील की, पण आणायला टेम्पो दक्षिण ध्रुवाकडे पाठवावा लागेल." मामांचं तोंड पडलं. मी त्यांची टिंगल करते आहे असं त्यांना वाटलं. मी खरं तेच सांगत होते, पण नागपुरात बर्फ म्हणजे लादी, गोळा आणि उसाचा रस. त्यापलीकडचा बर्फ नुसता बघून कोणी पगार घेत असेल हे लोकांच्या पचनी पडत नाही. माझ्या आईच्या तर शेवटपर्यंत पडलं नाही.

तर मी बर्फ बघत होते. कोणत्या साली लागले, बढती कधी मिळाली, हे सांगत बसत नाही. ते माझ्या नवऱ्यालाही आठवत नाही. आमचं ऑफिस सीताबर्डीत, कपड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. खाली बाया कुर्त्यांचा भाव करत असायच्या, मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं, आणि वर आम्ही डझनभर जणी संगणकासमोर बसून ध्रुवाकडच्या समुद्रात पाणी कुठे आहे आणि बर्फ कुठे, ते ठरवत असू. आमच्यापैकी निम्म्या जणींनी समुद्रच पाहिला नव्हता. मीही बरीच वर्षं पाहिला नव्हता. पुढे नवऱ्याबरोबर कोकणात गेले तेव्हा समुद्र बघून माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "हा तर पूर्ण मोकळा आहे." नवरा अजून ते सगळ्यांना सांगतो.

काम समजायला सोपं आहे. एका बाजूला उपग्रहानं काढलेलं चित्र. दुसऱ्या बाजूला बर्फाचा नकाशा. थंड देशांमधली जाणती माणसं दर आठवड्याला असे नकाशे काढतात. समुद्राचे लहानमोठे तुकडे पाडतात आणि प्रत्येकावर लिहितात की इथे दहापैकी किती भाग बर्फ आहे आणि तो किती वयाचा आहे. कालपरवा धरलेली साय, एक हिवाळा पाहिलेला जाड बर्फ, किंवा उन्हाळे पचवून बसलेला जुना खोड बर्फ. शिवाय किनाऱ्याला घट्ट धरून बसलेला बर्फ वेगळा. तो वाहत नाही, फुटतो तेव्हाच हलतो. हा नकाशा शेजारी ठेवून चित्रातल्या बारीक बारीक तुकड्याला नाव द्यायचं, एवढंच आमचं काम. ती नावं जहाजवाल्यांना जायची आणि मशीनला शिकवायलाही जायची. मशीन आता बरंचसं शिकलं आहे. आम्ही शिकवलेल्या चुकांसकट शिकलं आहे, पण त्याचं ते बघेल.

सोपं म्हटलं खरं, पण खोच आहे. नकाशात एका मोठ्या पट्ट्यावर लिहिलेलं असतं, दहापैकी सात भाग बर्फ. नवी मुलगी आली की ती त्या अख्ख्या पट्ट्याला बर्फ ठरवून मोकळी व्हायची. मग मी तिला विचारायची, तुझं गाव कोणतं? विदर्भातलंच असायचं. सरकारी अंदाजात गावाच्या पिकाची आणेवारी आठ आणे लागली म्हणून तुझ्या बापाच्या वावरात आठ आणेच पीक आलं का? मुलगी हसायची. विहिरीजवळच्या वावरात बारा आणे असतं आणि बरडावर दोन आणे. आकडा गावाचा असतो, वावराचा नसतो. माझे वडील खाप्याला शेती करायचे आणि या एका गोष्टीवरून दर साली तलाठ्याशी कडाकडा भांडायचे. त्या भांडणांचा उपयोग मला असा होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

दुसरी खोच उपग्रहाची. हा आमचा उपग्रह ढगातून आणि अंधारातून बघू शकतो, पण त्याला रंग कळत नाहीत. त्याला खडबडीत आणि गुळगुळीत एवढंच कळतं. खडबडीत ते पांढरं, गुळगुळीत ते काळं. आता गंमत बघा, वारा पडला की पाणी गुळगुळीत, म्हणजे काळं. नुकती धरलेली सायही काळीच. आणि वारा सुटला की तेच पाणी खवळून जुन्या बर्फासारखं पांढरंफेक दिसतं. एकदा आमच्या टीमनं असंच मैलोन्मैल पाणी जुना बर्फ म्हणून रंगवून टाकलं. जहाज कंपनीच्या माणसानं फार विनयानं विचारलं, "मॅडम, तुमच्या या बर्फातून आमचं जहाज काल जेवणाच्या वेळी गेलं, ते कसं गेलं असेल?" मी त्यांना म्हटलं, सावकाश गेलं असेल. दुसरं काय बोलणार?

त्यानंतर मी एक नवं नाव सुरू केलं, "सांगता येत नाही". एका साहेबांना ते अजिबात आवडलं नाही. पाणी म्हणा किंवा बर्फ म्हणा, पण काहीतरी म्हणा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी माझं बरंच वाजलं. पण मी हटले नाही. माझा स्वभाव तसा कजागच आहे, आणि या धंद्यात तो कामी आला.

आता देवरावजींचं सांगते.

आमच्या टीममधली पल्लवी इतवारीतली. तिच्या गल्लीत देवरावजींचं भांड्यांचं दुकान. त्यांचा एकुलता एक मुलगा निलेश डिझेल मेकॅनिक. दक्षिण ध्रुवाच्या खंडावर आपल्या देशाचं केंद्र आहे, तिथले जनरेटर सांभाळायला तो वर्षभरासाठी गेला होता. वर्ष संपत आलं होतं. त्याच्या जागी येणारा माणूस जहाजानं निघाला होता आणि त्याच जहाजानं निलेश परतणार होता. पण जहाज बर्फाच्या अलीकडे उभं होतं आणि बर्फ फुटत नव्हता. पल्लवीनं गल्लीत सहज सांगितलं की आमच्या मॅडम दिवसभर बर्फच बघतात. दुसऱ्या दिवशी देवरावजी आमच्या दारात.

धोतर नाही, टोपी नाही, साधा पांढरा शर्ट, हातात भांड्यांची जड पिशवी. "मॅडम, माह्या पोराचा रस्ता मोकळा झाला काय, तेवढं पाहून सांगा."

हे नकाशे कोणालाही बघता येतात, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि चित्र दाखवलं. काळंपांढरं बघून ते गोंधळले. मग मी त्यांच्याच पिशवीतलं एक चकचकीत स्टीलचं ताट आणि एक ठोक्याचा तांब्या काढून टेबलावर ठेवला, खोलीतला दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला. ताटावरचा उजेड पलीकडे निघून गेला, ताट काळं दिसलं. तांब्याच्या ठोक्याठोक्यावरून उजेड आमच्या डोळ्यांत परत आला. "टॉर्च म्हणजे उपग्रह, ताट म्हणजे शांत पाणी," मी म्हटलं, "आणि तांब्या म्हणजे खडबडीत बर्फ."

"बाप्पा!" देवरावजी म्हणाले. "एवढी वर्षं विकून राहिलो, असा विचारच नाही केला गा कधी." बाईला कोणी 'गा' म्हणत नाही, म्हणजे शेवटचं बहुधा ते स्वतःलाच म्हणाले.

मी त्यांना मोबाइलवर नकाशा कसा उघडायचा तेही शिकवलं. दाटीच्या नकाशात लाल म्हणजे ठसाठस बर्फ, पिवळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे विरळ, त्यातून जहाज जातं, निळा म्हणजे मोकळं पाणी, आणि राखाडी म्हणजे किनाऱ्याला धरून बसलेला बर्फ. झालं. देवरावजींनी मोबाइल गल्ल्यावर उभा करून ठेवला. पल्लवी सांगायची, घागर घ्यायला आलेल्या बाईला ते आधी दक्षिण ध्रुव दाखवतात आणि मग घागर. नवा नकाशा निघाला की ते आमच्याकडे यायचे, येताना घरचा चिवडा आणायचे. आठवडे जात होते आणि जहाजापुढचा नकाशा लाल-राखाडीच होता.

मग एक दिवस त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या पत्नीच्या, सुशीलाबाईंच्या, हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर दिवाळीपासून ऑपरेशन करा म्हणून मागे लागले होते. आता तर त्यांना जिना चढला तरी धाप लागायची आणि डॉक्टर म्हणत होते, थांबण्यासारखं राहिलेलं नाही. पण सुशीलाबाई हटून बसल्या होत्या. "निलेशले पाह्यल्याबिगर मी त्या टेबलावर झोपत नाही, म्हणते," देवरावजी म्हणाले. "मी काय करू, सांगा." मला फार वाईट वाटलं. बर्फ माझ्या हातात असता तर मी त्याच दिवशी फोडून दिला असता.

खूप समजावल्यावर सुशीलाबाई एकदाच्या तयार झाल्या. सोमवारी भरती व्हायचं ठरलं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी देवरावजी धावत जिना चढून आले. हातात पेढ्यांचा डबा. "मॅडम, हिरवं झालं! सगळं हिरवं झालं!" सगळ्या टीमला त्यांनी स्वतः पेढे वाटले. "मी घरी सांगून आलो. निलेशची माय म्हणते, आठ दिवसांत पोरगा येते, मंग काहून घाई करता? दवाखान्यात फोन करून नाही म्हणा म्हणते."

मी पेढा हातात तसाच ठेवून त्यांचा मोबाइल घेतला. हिरवा होता खरा, पण नकाशा दुसरा होता. बर्फाचे नकाशे दोन निघतात. एकात बर्फ किती दाट ते, दुसऱ्यात बर्फ किती वयाचा ते. रंगांचे डबे मात्र दोघांचे जवळजवळ एकच. दाटीच्या नकाशात हिरवा म्हणजे विरळ. वयाच्या नकाशात हिरवा म्हणजे एक हिवाळा जमलेला जाड बर्फ, माणसाच्या उंचीएवढासुद्धा असतो. देवरावजींचं बोट सरकलं होतं आणि पुढचा नकाशा उघडला होता. आमच्याकडच्या शिकलेल्या मुलीही पहिल्या आठवड्यात हाच गोंधळ घालायच्या, मी त्यांना टपल्या मारून सुधारायची. इथे टपली मारायची सोय नव्हती.

मी त्यांना समजावलं. ते बसलेच. पल्लवीनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरी चला. माहं तर ती आता ऐकतच नाही. तुमचं ऐकन."

ऑटोत बसल्यावर त्यांनी हळूच दुसरी गोष्ट काढली. "तिले सांगा, दोन महिने बर्फ काही फुटत नाही. मंग नाइलाजानं भरती होईन. एवढं माह्यासाठी सांगा." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच मागितलं असतं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ऑटो हातगाड्यांमध्ये अडकला होता, मी त्या हातगाड्यांकडे बघत बसले.

घर दुकानाच्या वर. सुशीलाबाई पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बारीक अंगाची, उजळ, डोळे फार तेज. दोन शेंगांमध्ये थांबून श्वास घेत होत्या.

"तुम्हीच काय त्या बर्फवाल्या बाई?"

"हो."

"मंग सांगा. आठ दिवसांत येते काय माहा पोरगा?"

"नाही," मी म्हटलं. "देवरावजींनी चुकून दुसरा नकाशा बघितला. बर्फ अजून आहे तसाच आहे."

देवरावजी मागून म्हणाले, "दोन महिने तर फुटतच नाही म्हणे. मॅडमच सांगून राहिल्या होत्या ऑटोत."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मला आयुष्यात इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं. एक साधा शब्द बोलले असते तर सगळं मार्गी लागलं असतं. पण ती बाई इतक्या विश्वासानं बघत होती की माझी जीभ रेटेना. "तसं नाही," मी म्हटलं. "दोन आठवड्यांत फुटेल किंवा दोन महिने लागतील. मला माहीत नाही, आणि कोणालाच माहीत नसतं." देवरावजींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की तिथून उठून जावंसं वाटलं.

सुशीलाबाईंनी पदराला हात पुसले. "मले दाखवा बरं."

मी लॅपटॉप उघडला. निलेशचं केंद्र कुठे, जहाज कुठे, ते दाखवलं. मधला राखाडी पट्टा म्हणजे किनाऱ्याला धरून बसलेला बर्फ. त्यांनी केंद्रावर अंगठा ठेवला आणि जहाजावर करंगळी. हात पूर्ण उघडावाही लागला नाही.

"इतकुसं तर आहे वं बाई. आणि हा राखडी घट्ट आहे म्हणता, हालत नाही म्हणता. मंग तो याच्यावरून चालत काहून नाही येत? गाडी आहे न त्यांच्यापाशी."

हा प्रश्न मला आजपर्यंत कुठल्याच साहेबानं विचारला नव्हता. मी नकाशा बाजूला केला आणि उपग्रहाचं ताजं चित्र लावलं. नकाशात एकसारखा राखाडी दिसणारा तो पट्टा चित्रात जागोजाग काळा पडला होता. "तिकडे सध्या उन्हाळा आहे," मी सांगितलं. "वरून ऊन लागतं, खालून पाणी खातं. हे काळं म्हणजे नुसता वरचा भुसभुशीत बर्फ भिजला असेल, किंवा आतून पोकळ झाला असेल. इथून कळत नाही. नकाशात एकच रंग असला तरी याच्यावर पाय ठेव असं मी कोणालाही सांगणार नाही."

सुशीलाबाईंनी त्या काळ्या डागांवरून एकेक करत बोट फिरवलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"अजी, निलेश परवा फोनवर काय म्हणे?"

"कायले आता ते?"

"सांगा न."

"म्हणे, तू भरती हो, नाही तर मी कसंही करून जहाजावर पोचतो." देवरावजींचा आवाज उतरला. "रागात बोलला तो."

"रागात नाही बोलला. माह्या पोटचा आहे, मले मालूम आहे. मी इथं अडून बसली तर तो तिथं गाडी काढन." आणि मग त्यांनी नुसता हात पुढे केला. "लावा फोन."

फोन लागायला वेळ लागला. निलेशचा आवाज थांबून थांबून येत होता, पण त्या त्याला बोलूच देईनात. "बाबू, ऐक. मी सोमवारी भरती होऊन राहिली. तुह्यासाठी थांबत नाही आता. तू जागचा हालू नको. जहाज येईन तवा येईन. कोणाच्या मागे लागू नको. त्या बर्फावर पाय ठेवशीन तर तुले माही शपथ आहे." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. "हौ, हौ. जेवला काय?" असं विचारून त्यांनी फोन ठेवून दिला आणि पुन्हा शेंगा पुढे ओढल्या.

मी उठायला लागले तेव्हा खाली मान घालूनच म्हणाल्या, "ऑपरेशनची भीती नाही वं मले. त्याले न पाह्यता जायची भीती आहे." मी त्यांच्या शेजारी बसून चार शेंगा सोलल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पाहिलं की नाही, कुणास ठाऊक.

खाली दुकानात आल्यावर देवरावजी माझ्याशी पहिल्यांदा थोडं रागानंच बोलले. "तुम्ही दोन महिने म्हटलं असतं तरी ती भरती झाली असती." मी म्हटलं, "झाल्या असत्या." मग ते थोडा वेळ कळशा उगाच इकडच्या तिकडे करत राहिले आणि म्हणाले, "पण मंग तिनं शपथ घातली नसती, अन् पोरगा थांबला नसता." मी ऑटो थांबवला. त्यांनी पैसे देऊ दिले नाहीत.

बर्फ फुटला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. एका वादळानं तो राखाडी पट्टा उचलून समुद्रात नेला, जहाज आत गेलं, आणि निलेश उन्हाळ्याच्या तोंडावर घरी पोचला. मला भेटायलाही आला. उंच, शांत मुलगा. गाडी काढायचा विचार केला होता का, असं मी त्याला विचारलं. तो नुसता हसला. पण ते सगळं नंतरचं. हे काम सोडल्यावर मला वारंवार आठवते ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी ऑफिसात आल्याबरोबर ताजं चित्र उघडलं होतं. इतके आठवडे रोज तो पट्टा फुटला का म्हणून बघायची. त्या दिवशी तो होता तसा बघून मला राग आला, आणि निलेशनं पाय ठेवलाच तर पट्टा अजून भक्कम असू दे असंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं. तेवढ्यात देवरावजींचा फोन आला. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "शुद्धीवर आली. श्वासाची नळी काढली आत्ता."

"काही बोलल्या?"

"हौ. मले वाटलं, पाणी मागन. तर म्हणते, निलेश निघाला तर नाही न?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही, जागच्या जागी आहे. तशी माहा हात सोडून झोपली."

मग आम्ही दोघंही फोनवर नुसतेच रडत राहिलो.